जरा हात लावा

"तनक हाथ लगा दो, बहनजी."

झाशीच्या इलाइट चौराह्यावर, एका चहाच्या टपरीशी मी आत्याची वाट पाहत उभी होते. आत्या औषधाच्या दुकानात शिरली होती. ती दुकानात शिरली, की दुकानदाराच्या आईचा मोतीबिंदू आणि सुनेचं बाळंतपण विचारल्याशिवाय बाहेर पडत नाही. म्हणून मी चहा सांगितला होता. पेला हातात आला आणि मागून हा आवाज. वळून पाहिलं तर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई. मान जराही न हलवता, नुसत्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. त्या वजनाखाली मान वळवायची सोयच नव्हती.

पेला फळीवर ठेवून मी पुढे झाले. ती गुडघ्यांत वाकली. एक टोक मी धरलं, एक तिनं धरलं आणि मोळी खाली आली. आली म्हणजे जवळजवळ पडलीच. मला वजनाचा अंदाज नव्हता. तळहातात लाकडाचा बारीक सल शिरला. तिनं डोक्यावरची चुंबळ काढली. जुन्या साडीच्या चिंधीची चुंबळ, घामानं काळवंडलेली, मधोमध डोक्याच्या आकाराची खळी पडलेली. ती तिनं उलगडली, झटकली, त्याच फडक्यानं तोंड-मान पुसली आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून घेतले.

चौराह्याचं नाव इलाइट. म्हणजे निवडक, उच्चभ्रू. आजूबाजूला पाहिलं तर त्या नावाला शोभणारं कोणी दिसेना. ई-रिक्षावाले गिऱ्हाइकांसाठी ओरडत होते. एकजण मोटारसायकलवर मागे पोरगं, पुढे गॅसचं सिलिंडर घेऊन वाट काढत होता. शाळेची मुलं पाठीवरच्या दप्तरांनी पुढे वाकलेली. ज्याच्या डोक्यावर काही नव्हतं त्याच्या खांद्यावर होतं, खांद्यावर नव्हतं त्याच्या कपाळावर दिसत होतं. चार रस्ते एकत्र येतात तिथे माणसं थांबतात ती दिशा बदलायला, असं आपण म्हणतो. बहुतेक जण ओझं या हातातून त्या हातात घ्यायलाच थांबतात.

माझं ओझं कोणाला दिसण्यासारखं नव्हतं. ते घेऊनच मी आदल्या दिवशी झेलम एक्सप्रेसनं नगरहून आले होते.

आमच्याकडे झाशी म्हटलं की राणी. आत्या लग्न होऊन झाशीला गेली तेव्हा आमची आजी म्हणाली होती, "रत्नागिरीकडचे नेवाळकर गेले, मग आमची पोर का नाही जाणार?" नेवाळकर राज्य करायला गेले होते. आत्याचे यजमान रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. पण आजीला हा फरक मोठा वाटत नसे. मराठी माणूस या गावात तलवार घेऊन आला, पोथी घेऊन आला, पाना-स्पॅनर घेऊनही आला. वरसईचे विष्णुभट गोडसे तर कर्ज फेडायला बाहेर पडले होते. उत्तरेत दक्षिणा मिळेल, घरचं देणं उतरेल, या आशेनं 1857 मध्ये निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. मिळवलेलं लुटलं गेलं. शेवटी ते घरी परतले ते खांद्यावर गंगाजलाची कावड घेऊन. 'माझा प्रवास' हे त्यांचं पुस्तक 1907 मध्ये छापलं गेलं. लहानपणी वडिलांनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा मला त्या भटजींचं नवल वाटायचं. जीव वाचवून पळायचं, तर खांद्यावर पाण्याचं ओझं कशाला? वडील म्हणायचे, "ते ओझं नव्हतं. ते घरच्यांसाठी होतं."

वडील गेले त्याला आता सात महिने झाले होते.

शेवटचे चौदा महिने त्यांचं सगळं मी केलं. हे लिहितानाही 'मी केलं' या दोन शब्दांवर माझा हात जरा जास्त दाबला गेला, हे मला कळतंय. धाकटा भाऊ त्या चौदा महिन्यांत एकदा आला. वडील गेल्यावर मात्र लगेच आला, घराच्या कागदांवर सही मागायला. बोलाचाल झाली. त्यानंतर आमच्यात शब्द नाही. एवढंच. जगात यापेक्षा मोठी दुःखं आहेत, आणि नेमकी म्हणूनच ही देवापुढे न्यायची लाज वाटते. कॅन्सर नेता येतो, मुलाची नोकरी नेता येते. सख्ख्या भावावरचा राग कोणत्या तोंडानं न्यायचा?

नगरच्या आमच्या मंडळीत दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणतात. ती मला बोलता येऊ लागल्यापासून पाठ आहे. तिच्यात मराठी बायबलनं एक शब्द योजला आहे: ऋण. अपराध नव्हे, पाप नव्हे, ऋण. आणि क्रियापद आहे 'सोडणे'. आम्ही जसं दुसऱ्याचं सोडलं तसं तू आमचं सोड, असा त्या मागण्याचा अर्थ. सात महिने मी त्या जागी आले की गप्प होत होते. बाजूच्या बाकावरच्यांना वाटायचं, वडिलांच्या आठवणीनं गळा दाटला. मी कोणाची चूक दुरुस्त केली नाही.

आत्या दुकानातून आली. हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. भिंतीशी बसलेल्या बाईकडे तिनं पाहिलं, टपरीवाल्याला "इनको भी एक चाय" असं सांगितलं, पैसे ठेवले आणि आम्ही ई-रिक्षात बसलो. आत्या अठ्ठ्याहत्तरची आहे. तिला संत ज्यूडच्या तीर्थस्थानी जायचं होतं. 28 ऑक्टोबर हा त्यांचा सण, तो आठ-दहा दिवसांवर आला होता. "सणाला फार गर्दी होते, मला उभं राहवत नाही, म्हणून आधीच जाऊन येते," ती म्हणाली.

मी जरा अवघडले. आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली माणसं. हे मिशन नगरला आलं 1831 मध्ये, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात कोणी संतांच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावलेली नाही. देवाकडे थेट जायचं, मध्ये कोणी नको, हे आम्हाला बाळकडूबरोबर पाजलेलं. आत्याही त्याच घरची. मी तसं म्हटल्यावर ती हसली. "अगं, आपण कोणाच्या घरी गेलो आणि दारातच त्यांच्या घरचं ओळखीचं माणूस उभं असलं, तर त्याला सलाम न करता आत घुसायचं का? मी बोलते ते आत जाऊनच बोलते."

झाशीचा कॅथलिक धर्मप्रांत 1954 मध्ये झाला. पहिले बिशप फ्रान्सिस झेवियर फेनेक, कपुचिन संन्यासी. हे तीर्थस्थान त्यांनीच उभं केलं. इमारतीच्या पायात या संताची अस्थी ठेवली आहे, अशी भाविकांची श्रद्धा. येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती, हे मोजायला कोणी बसत नाही. त्या दिवशी आमच्या पुढच्या बाकावर बसलेल्या बाईच्या भांगात ठसठशीत सिंदूर होता आणि ती ओठ हलवत काहीतरी सांगत होती, शेजारणीला सांगावं तसं.

या संताची गोष्टच मजेशीर आहे. येशूच्या बारा शिष्यांत एकाच नावाचे दोघे होते. मराठी बायबलमध्ये दोघंही यहूदा. एकानं गुरूला धरून दिलं. दुसऱ्यानं काही वाईट केलं नाही, पण नाव तेच. योहानाच्या शुभवर्तमानात हा दुसरा एकच प्रश्न विचारतो, आणि तिथेही लिहिणाऱ्याला कंसात टाकल्यासारखं सांगावं लागतं, की हा तो नव्हे. बिचाऱ्याची ओळखच 'तो नव्हे' अशी. म्हणतात, नावाच्या या घोटाळ्यामुळे कित्येक शतकं त्याच्याकडे कोणी फिरकत नसे. सगळी दारं ठोठावून झाली की मगच याच्याकडे. म्हणून तो हताश झालेल्यांचा संत ठरला. शेवटचं दार. मुंबईच्या वर्तमानपत्रांत छोट्या जाहिरातींच्या रकान्यात 'संत ज्यूडचे आभार' अशा एक-दोन ओळी छापलेल्या असत. खाली फक्त आद्याक्षरं. काय मिळालं याचा उल्लेख नाही. जुन्या फ्रिजची विक्री, भाड्यानं खोली, हरवलेलं पाकीट, आणि मध्येच कोणाचा तरी मोकळा झालेला श्वास.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी मरियामातेची नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, होते, 1948 पासून. मुंबईत नोकरीला असताना एका मैत्रिणीबरोबर मी तिथे गेले होते. लोकांनी लिहून दिलेली पत्रं तिथे वाचून दाखवतात. काही मागणीची, काही आभाराची. बाहेर मेणाची घरं, मेणाची बाळं, मेणाचे हात-पाय विकायला असतात. ज्याला जे हवं किंवा जे दुखतं ते विकत घेऊन आत अर्पण करायचं. मी तेव्हा तरुण होते, नाक मुरडलं होतं. पण पत्रं ऐकताना एक गोष्ट जाणवली होती. मागणीचं पत्र कुठे संपलं आणि आभाराचं कुठे सुरू झालं, ते नुसतं ऐकून कळत नव्हतं. आभाराच्या पत्रातही एक नवं मागणं असायचं. मागण्याच्या पत्राची सुरुवात मागच्या आभारानं व्हायची. मैत्रीण म्हणाली होती, "आपण आईला पत्र लिहितो तसंच आहे की."

मराठीत देवाशी बोलण्यासाठी दोन शब्द फार चांगले आहेत. एक गाऱ्हाणं. घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. कोकणात गाऱ्हाणं म्हणजे प्रार्थनाही. गावकार देवापुढे उभा राहून साऱ्या गावाचं दुखणं-खुपणं, मागणं, चुकलं-माकलं एका दमात घालतो आणि बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. एकच शब्द कुरकुरीलाही आणि प्रार्थनेलाही चालतो, याचं कोणाला काही वाटत नाही. वाटण्यासारखं आहेही काय? ज्याच्याकडून काही होईल अशी आशा आहे, त्याच्याकडेच माणूस तक्रार नेतो. बंद पडलेल्या दुकानापुढे उभं राहून मालाचा दर्जा वाईट आहे म्हणून कोणी भांडत नाही.

बायबलमधलं स्तोत्रसंहिता हे पुस्तक मोठं गाऱ्हाणंच आहे. दीडशे स्तोत्रं, आणि त्यांत सगळ्यात जास्त संख्या विलापाची. किती दिवस, का म्हणून, झोपलास की काय, इथपर्यंत बोलणं जातं. शेजाऱ्याला बोललो असतो तर त्यानं दार लावून घेतलं असतं. यातली बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळतात. रडणारा माणूस कधी आभार मानायला लागला ते त्यालाही कळत नाही. मात्र अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यांनी ही स्तोत्रं जमवली त्यांना ते गाळता आलं असतं. गाळलं नाही. उपासनेच्या पुस्तकात, इतर सगळ्यांच्या बरोबरीनं, त्याला जागा दिली. न वळलेल्या माणसालाही बाकावर जागा आहे, एवढं त्यातून मला कळतं.

दुसरा शब्द नवस. नवस बोलायचा आणि नवस फेडायचा. फेडणे हे क्रियापद मराठीनं कुठे कुठे वापरलं आहे पाहा: कर्ज फेडायचं, पांग फेडायचे, उपकार फेडायचे. लहानपणापासून आपल्याला सांगतात, कोणाचे उपकार ठेवू नयेत. शेजारणीनं वाटीभर आमटी दिली तर वाटी रिकामी परत करू नये. चांगली रीत आहे, माणसामाणसांत तीच हवी. पण हीच रीत आपण देवघरात नेतो, आणि तिथे तिचा हिशेब होतो. तू हे दिलंस, मी ते दिलं, फिटंफाट.

मराठी ख्रिस्ती मंडळीत यासाठी वेगळा शब्द आहे: उपकारस्तुती. उपकार फेडायचे नाहीत, त्यांची स्तुती करायची. मूल झालं, परीक्षा पास झाली, ऑपरेशन पार पडलं, की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात. पाळकसाहेब येतात, गीतं होतात, चहा-चिवडा होतो. चर्चमध्ये पाकिटात पैसे घालून वर नाव आणि कारण लिहून देतात आणि दानार्पणाच्या वेळी ते वाचून दाखवतात. वर्षानुवर्षं मी ही पाकिटं दिली आहेत. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी मनात भावना असायची ती पावती फाडल्याची. चला, हे देणं मिटलं.

लेवीय या पुस्तकात अर्पणांचे नियम आहेत. रूक्ष, याद्या केल्यासारखे. शाळकरी वयात बायबल पाठ करायच्या स्पर्धेत तो भाग आला की आम्ही रडकुंडीला यायचो. पण त्यात एक नियम असा आहे: नवसाच्या अर्पणाचं मांस त्या दिवशी खावं आणि उरलं तर दुसऱ्या दिवशीही खावं. आभाराच्या अर्पणाचं मात्र त्याच दिवशी संपवावं, सकाळपर्यंत काही ठेवू नये. एका कुटुंबाला एवढं एका दिवसात संपणार कसं? शेजारीपाजारी बोलवावेच लागणार. नवस साठवून ठेवता येतो. आभार ज्या त्या दिवशी, ताजे, चार जणांत वाटूनच संपवावे लागतात. हा नियम कोणी केला त्याला माणसं चांगली ठाऊक होती.

आणि त्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट. येशूनं दहा जणांना बरं केलं, त्यांतला एकटाच परत येऊन पाया पडला, तोही परका, शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूनं विचारलं. यावर मी लहानपणापासून ऐकलेली सगळी प्रवचनं त्या नऊ जणांना झोडपणारी. पण गोष्टीत एक गोष्ट घडत नाही, तिच्याकडे कोणी लक्ष वेधत नाही. नऊ जणांचं बरं होणं परत काढून घेतलं जात नाही. ते बरेच राहिले. म्हणजे आभार ही त्या बरेपणाची किंमत नव्हती. परत आलेल्याला आणखी एक गोष्ट मिळाली, एवढंच: ज्यानं बरं केलं त्याचा चेहरा त्याला जवळून बघायला मिळाला.

आमच्या मराठी मंडळीचे जे मोठे लोक, त्यांनी हे ओझं आणि हे आभार एकाच गाठोड्यात बांधून नेलेले दिसतात. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे स्वतःच्या मनानं त्याच वाटेवर आल्या. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचताना माणूस हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की ही बाई आपल्याला उपासमार, वियोग, अपमान सांगते आहे. टिळकांनी ख्रिस्ताला आईच्या नात्यानं हाक मारली ती वारकऱ्यांच्या बोलीतून. त्यांची भजनं आजही आमच्या उपासनेत आहेत. आई म्हटलं की गाऱ्हाणं आणि लाड वेगळे राहत नाहीत.

पंडिता रमाबाईंचं तर ओझं मोजवत नाही. आई-वडील दुष्काळात गेले. लग्नानंतर दोन वर्षं व्हायच्या आत, 1882 मध्ये, नवरा गेला. 1896 चा दुष्काळ झाशीच्या या बुंदेलखंडातच आधी पडला. तो मध्य प्रांतात पसरला तेव्हा रमाबाई तिथे गेल्या आणि भुकेनं सापळा झालेल्या पोरी-बायका घेऊन परतल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं ते त्यातून. स्वतःच्या भुकेची आठवण तिनं फेडली नाही, विसरलीही नाही. तिचं अन्न करून दुसऱ्यांना वाढलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम तिनं शेवटपर्यंत केलं. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, ती स्वतः 5 एप्रिल 1922 ला. विलापाची स्तोत्रं मराठीत आणताना तिच्या मनात काय चाललं असेल, याचा मी कधी कधी विचार करते.

आत्याचं ओझं मात्र मला माहीत होतं. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, गुडघे गेली वीस वर्षं दुखतात. ती रविवारी जाते ते चर्च हिंदी भाषेचं. तिथे या पाकिटाला 'धन्यवाद-भेंट' म्हणतात. बाकावर बसल्या बसल्या तिनं मला एक जुनी गोष्ट सांगितली. एकदा तिनं पाकिटावर लिहिलं, घुटनों के दर्द के लिए. खजिनदारांना वाटलं, म्हातारीचं लिहायचं राहून गेलं. त्यांनी भल्या मनानं वाचलं: घुटनों का दर्द ठीक होने के लिए धन्यवाद. सगळी मंडळी 'हालेलुया' म्हणाली.

"मग?"

"मग काय, उभी राहिले. म्हटलं, भैयाजी, ठीक नहीं हुआ. दुखतात. सकाळी पलंगावरून उतरताना दोन वेळा देवाचं नाव घेते, आणि एकदा चांगलं घेत नाही. पण दुखत दुखत इथपर्यंत आणलंय त्यांनी मला. पाकीट दोन्हीचं आहे. दुखण्याचंही आणि आणण्याचंही."

"लोक काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पाळकसाहेबांनी प्रार्थना लांबवली."

मी हसले. आणि हसतानाच मला काहीतरी लागलं, तळहातातल्या सलासारखं. चौदा महिने मी वडिलांचं केलं त्याचा मी सात महिने हिशेब ठेवत होते. तो हिशेब मी देवापुढेही मांडला नव्हता. कारण मांडला असता तर दुसरी बाजूही लिहावी लागली असती. वडील शेवटी बोलू शकत नव्हते तेव्हा माझ्या हातावर बोटानं अक्षरं गिरवायचे. त्यांच्याबरोबर पुन्हा एकदा सगळं 'माझा प्रवास' वाचून झालं. हे भावाला मिळालं नाही. मला मिळालं. आणि ते मी 'केलं' या खात्यात टाकून वर त्याच्याकडून वसुली मागत होते. विष्णुभटांनी कावडीचं भाडं कोणाकडे मागितलं असतं?

यामुळे भाऊ बरोबर ठरत नाही. तो चुकला, हे मी आजही म्हणते. पण चुकलेल्याचं फेडून घ्यायचं की सोडायचं, हे ठरवायला आधी ते खाली तरी उतरवावं लागतं. डोक्यावर असताना मानच वळत नाही.

पुतळ्याच्या पायाशी लोकांनी दुमडलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. संत ज्यूडच्या छातीवर येशूच्या चेहऱ्याचं पदक असतं, त्याकडे आत्यानं बोट दाखवलं. "बघ, स्वतःचं काही दाखवत नाही. त्याचंच दाखवतो." मग तिनं पिशवीतून औषधांची पावती काढली, ती मधोमध फाडली आणि कोरा अर्धा भाग आणि पेन माझ्या हातात दिलं. मला नगरचं बाळकडू आठवलं. पण कागद कोरा होता आणि पेन चालत होतं. मी भावाचं नाव लिहिलं. पुढे काय लिहावं ते सुचेना. 'क्षमा' लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. 'न्याय' लिहायचा धीर झाला नाही. बराच वेळ नुसतं नाव बघत बसले. शाळेत त्याच्या वह्यांवर मीच नाव घालायचे. तेच वळण आलं होतं, 'र'ला तसाच लांब शेपटा. मग खाली लिहिलं: वडिलांबरोबर चौदा महिने मिळाले. आणि घडी घातली.

एका कागदावर दोन्ही. कोणतं गाऱ्हाणं आणि कोणती उपकारस्तुती, ते ज्यानं वाचायचं त्यानं वाचावं. आत्यानं विचारलं नाही. तिनं आपली अर्धी पावती तशीच, काही न लिहिता, घडी करून ठेवली. "आता त्यालाही पाठ झालंय," म्हणाली.

परत इलाइटवर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. टपरीशी भिंत रिकामी होती. मोळी नव्हती, बाई नव्हती. जमिनीवर लाकडाच्या सालीचे चार तुकडे तेवढे पडले होते. माझ्या मनात आलं, मी उतरवायला हात लावला आणि निघून गेले. उतरवलेलं परत डोक्यावर घ्यायलाही दुसऱ्या माणसाचा हात लागतो, हे मला सुचलंच नव्हतं. त्या लाकडांचे पैसे व्हायचे होते, तिला ती न्यावीच लागणार होती. प्रार्थनेनं ओझं नाहीसं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मोळीवालीला विचारावं. थोडा वेळ टेकायला मिळतं. चुंबळ उलगडून, झटकून, पुन्हा नीट वळून घेता येते.

मी टपरीवाल्याला विचारलं, ती लकडीवाली कशी गेली?

तो कप विसळत होता. मान वर न करता म्हणाला, "गट्ठा हमने धरवा दओ तो. और का."

आत्यानं माझा तळहात हातात घेतला, चष्मा सरकवून पाहिला आणि साडीची पिन काढून सल उकरायला बसली. "हलू नकोस," ती म्हणाली, "दुखेल जरा." चौराह्यावर भर रहदारीत, एका हातानं तिची काठी सांभाळत, मी हात पुढे करून उभी राहिले.